सिलिंडरवाल्याचं वाटीभर पाणी

मंडळी, दुपारचे दोन वाजलेत आणि सकाळचा धक्का अजून उतरलेला नाही. शुद्धलेखनाच्या चुका आज पोटात घाला.

सकाळी करंजाड्याच्या आमच्या घरी गॅस सिलिंडर आला. आणणारे गृहस्थ दर वेळी झाकण काढून सिलिंडरच्या तोंडावर वाटीभर पाणी ओततात आणि बुडबुडे येतात का ते बघतात. मी दर वेळी घड्याळ बघतो.

आजही म्हणालो, "राहू द्या हो, सीलबंद आहे."

"बगू द्या काका, दोन मिनटं."

पाणी ओतलं आणि ते उकळल्यासारखं खदखदायला लागलं. मला सर्दी, त्यामुळे वास शून्य. चार हातांवर देवघरासमोर आई निरांजन लावायला काडी घेऊन उभी.

"आजी, काडी ओढू नका!"

ते असे ओरडले की आईच्या हातून काडेपेटीच पडली. मी तिथेच खाली बसलो. त्यांनी झाकण घट्ट बसवलं, खिडक्या उघडल्या, सिलिंडर खाली नेला आणि दुसरा आणला.

आभार मानायला देवभाषेतले श्लोकच्या श्लोक मला पाठ आहेत. तोंडातून निघालं, "चहा घेणार?"

"पेटवणार कशावर, काका? अजून जोडला नाय."

जोडून ते पुढच्या घरी गेले. आमच्याकडे शेगडी आणि निरांजन, दोन्ही अजून तशीच आहेत. काडी ओढायचं धाडस कोणालाच होत नाही.

तुमच्या सिलिंडरवाल्यांशी तुम्ही काय बोलता हो? मला खरंच शिकायचंय.