रुमालाखालचा भाव

चहा मागवायचा असला तरी बाबालालचाचा माझा हात खांद्यावरच्या रुमालाखाली ओढत. एक बोट दाबलं की एक कप, दोन दाबली की दोन. शाहूपुरीच्या गूळबाजारात त्यांच्याएवढा मोठा आवाज कुणाचा नव्हता, पण भावाची गोष्ट निघाली की तोंड बंद आणि बोटं चालू. उभा जन्म दलालीत गेलेला. हात कधी स्वस्थ राहत नसत.

तिथली रीतच ती. दलाल आणि खरेदीदार रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवत आणि ज्याचा गूळ, तो शेतकरी शेजारी नुसता बघत उभा. मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचो आणि खरा बाजार बघायला तिथं जाऊन बसायचो. एकदा हौसेनं चाचांना बाजाराची व्याख्या वाचून दाखवली. ऐकता ऐकताच ते उठून दोन येरझाऱ्या घालून आले.

"एवढं लांबड कशाला, मास्तर? एक मागणारा, एक न्हाय म्हणणारा. त्यो न्हाय म्हणतोय तवर बाजार हाय. व्हय म्हणला की उठला बाजार. मग ऱ्हायला नुस्ता गूळ."

पुढे उघड्या लिलावाची मागणी झाली. शेतकऱ्यांचा अर्ज मीच लिहून दिला. तो योग्यच होता, आजही म्हणेन. पण चाचांना सांगताना माझी जीभ अडखळली.

"बरं केलासा," ते म्हणाले. "ज्याचा गूळ, त्याला कळायलाच पायजे की. पर आमी कुटं जायाचं?"

पहिल्या लिलावाला सगळे ओरडून भाव पुकारत होते. चाचा पुढे झाले आणि सवयीनं लिलाव करणाऱ्याच्या हातावर रुमाल टाकला. सारी पेठ खदखदून हसली. मीही हसलो, त्याची लाज अजून वाटते. चाचांनी रुमाल झटकून खांद्यावर टाकला आणि चालू लागले. पुन्हा बाजारात आले नाहीत. दिवसभर गावभर भटकायचे. घटकेत रंकाळा, घटकेत स्टेशन. भेटले की पहिला प्रश्न, "आज काय निघाला वं भाव?"

वर्षभरात त्यांनी अंथरूण धरलं. एका दुपारी भेटायला गेलो, तर माझा हात चादरीखाली ओढून बोटं दाबली. त्या खुणा मला कुठल्या कळायला? तरी मान हलवली. "न्हाय चाचा, परवडत न्हाय."

त्यांचे डोळे लकाकले. एक बोट वाढलं. "न्हाय." आणखी एक वाढलं. त्यांना धाप लागली होती. मला बघवेना. म्हणालो, "व्हय चाचा, दिला."

बोटं सुटली. चाचा हसले आणि कितीतरी दिवसांनी त्यांचा हात स्वस्थ पडला.

दुसऱ्या दिवशी ते गेले. जन्मभर मी पोरांना बाजार शिकवला, पण त्या दुपारी अजून एकदा न्हाय म्हणायचं मला सुचलं नाही.