ज्या देशात आत्या उतरायला तयार नव्हत्या

शैलेशच्या आत्या देवरुखहून आमच्याकडे शारजाला आल्या, त्याला तीन आठवडे झाले होते आणि दाखवण्यासारखं सगळं संपलं होतं. दुबई मरीना बघून झाली. "मान दुखली गो, आता बिल्डिंग नको," असा निकाल आला. ऊद मेथाला माझ्या मैत्रिणीकडे हळदीकुंकू झालं. मॉलमध्ये आत्यांना थंडी वाजते आणि समुद्र त्यांच्या मते गणपतीपुळ्याला याहून चांगला आहे.

तेव्हा शैलेशने जेवताना घोषणा केली, "शनिवारी आपण ओमानला जाऊ. व्हिसाशिवाय. दुपारपर्यंत दोन देश बघून परत."

आत्यांचा घास हातात राहिला. त्यांचा व्हिसा एकदाच आत येण्याचा होता. एकदा देशाबाहेर पडलं की परत घेत नाहीत, हे त्यांना विमानात शेजारच्या बाईने बजावलं होतं. त्या बाईचं नाव त्यांना आठवत नव्हतं, पण तिचा शब्द शैलेशच्या शब्दापेक्षा वजनदार होता.

नकाशा उघडून बघा म्हणजे कळेल, शैलेश काय म्हणत होता ते. अमिरातीच्या पूर्व किनाऱ्यावर, फुजैरा आणि खोरफक्कानच्या मधल्या डोंगरात ओमानचा एक छोटा तुकडा आहे. नाव मदहा. चारी बाजूंनी अमिराती. आणि त्या मदहाच्या पोटात परत अमिरातीचा एक तुकडा आहे, नहवा नावाचं गाव. ते शारजाच्या मालकीचं. म्हणजे आम्ही शारजाहून निघून, ओमान ओलांडून, शारजालाच जाणार होतो. तिथे चौकी नाही, गेट नाही, शिक्का नाही. शैलेशने हे आत्यांना चमचे-वाट्या मांडून समजावलं. आत्यांनी वाट्या उचलून धुवायला नेल्या.

"मी गाडीतून उतरणार नाही," शेवटी त्या म्हणाल्या. "पाय नाही टेकला म्हणजे गेले नाही."

शनिवारी सकाळी लवकर निघालो. आठवडाभर ज्या रस्त्यावर आपण गियर बदलत म्हातारे होतो, तो सुट्टीच्या सकाळी ओळखू येत नाही. खोरफक्कानचा नवा रस्ता बोगद्यांतून जातो, झकास आहे, आणि दीड तासात समुद्र दिसतो. किनाऱ्यावरच्या टपरीवर करक चहा घ्या, दोन दिरहम. आत्यांनी लगेच रुपये केले आणि कप अर्ध्यावर ठेवून दिला. सोबतचा पराठा त्यांना तेलकट वाटला. सकाळची मधुमेहाची गोळी मात्र त्यांनी घेतली होती. या दोन गोष्टी एकत्र करून बघायला हव्या होत्या. तेव्हा कोणी बघितल्या नाहीत.

किनाऱ्याचा रस्ता सोडून आत वळलं की मदहाची पाटी येते. ओमानचा झेंडा, रियालमध्ये भाव लावलेला पेट्रोल पंप आणि फोनवर 'ओमानमध्ये स्वागत आहे' असा मेसेज. (रोमिंग आधीच बंद करा. आमच्या घरातल्या एका इंजिनियरने केलं नव्हतं.) आत्यांनी पाय उचलून सीटवर घेतले आणि मांडी घातली.

गाव देखणं आहे. काळे-तपकिरी डोंगर, मधे खजुराच्या आणि लिंबाच्या बागा, आणि बागांतून वाहणारा पाण्याचा सिमेंटचा पाट. त्याला इथे फलज म्हणतात. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी उतारावर खेळवत आणलेलं. मी उतरून फोटो काढले. शैलेशने उतरून भाषण केलं. आत्या काच खाली करून म्हणाल्या, "आमच्या पाटासारखाच आहे गो. फक्त स्वच्छ आहे."

तिथून नहवाकडे चढ लागतो. अर्ध्या चढावर गाडीने एक उसासा टाकला आणि बंद पडली. एसी बंद, डॅशबोर्डवरचे सगळे दिवे चालू. शैलेशने बॉनेट उघडलं, बराच वेळ आत बघितलं आणि बंद केलं. तो कॉम्प्युटरचा इंजिनियर आहे.

इन्शुरन्सच्या मदत केंद्राला फोन लावला. पलीकडचा मुलगा नम्र होता.

"सर, आपका लोकेशन ओमान दिखा रहा है."

"हां, लेकिन हम शारजा के पास ही हैं."

"सर, कितना पास?"

"शारजा सामने दिख रहा है!" शैलेश म्हणाला, आणि ते अक्षरशः खरं होतं. थोड्या वर, वळणाच्या पलीकडे, अमिरातीचा झेंडा फडकत होता.

"सर, गाडी उधर जाएगा तो हम आएगा. ओमान कवर नहीं है."

रस्त्याच्या खालच्या अंगाला दहाबारा माणसं त्याच फलजमधून गाळ आणि दगड उपसत होती. आधीच्या आठवड्यात डोंगरात पाऊस झाला होता. त्यातले दोन म्हातारे फावडी टेकवून आमच्याकडे बघत होते. एकाच्या डोक्याला ओमानी पद्धतीचा रंगीत रुमाल गुंडाळलेला, दुसऱ्याच्या डोक्यावर अमिराती पांढरा. रंगीत रुमालवाल्यांचं नाव सालेम, मदहाचे. पांढरे रुमालवाले राशिद, नहवाचे. राशिद कित्येक वर्षं बंदरात कामाला होते, त्यामुळे त्यांचं हिंदी आमच्या वॉचमनपेक्षा सरस होतं.

"क्या हुआ?"

शैलेशने सांगितलं. राशिद खूश झाले. "देखो, ओमान में आया तो गाड़ी खराब. हमारे उधर ऐसा नहीं होता."

सालेमनी शांतपणे आमची नंबरप्लेट बघितली. "गाड़ी तो शारजा का है."

खाली पाटात हशा पिकला. नंतर कळलं की ते मेव्हणे मेव्हणे आहेत. राशिदची बहीण मोझा सालेमना दिलेली आहे, आणि ही जुगलबंदी लग्नापासून चालू आहे.

मी हसत मागे वळले आणि हसू तिथेच थांबलं. आत्या मागच्या सीटवर घामाने भिजल्या होत्या. डिसेंबरची हवा, घाम यायचं काही कारण नव्हतं. हात थरथरत होता, डोळे कुठेतरी भलतीकडे.

"आत्या? आत्या, अहो, काय होतंय?"

"मला उतरवू नको," एवढंच त्या म्हणाल्या, तेही जड जिभेने.

साखर उतरली होती. आणि माझ्या पर्समध्ये गोडाचा एक कण नव्हता. आत्यांना मधुमेह म्हणून मीच घरातलं सगळं गोड हटवलं होतं. शैलेशला मी हाक मारली ती कशी, ते मला आठवत नाही. त्याच्या म्हणण्याप्रमाणे सगळा डोंगर ऐकेल अशी.

सालेम फोनवर दोन शब्द बोलले, आणि काही मिनिटांत बागेच्या वाटेने एक गाडी धुरळा उडवत वर आली. आतून मोझा उतरल्या. काळा अबाया, कपाळाला घाम, हातात खजुराचा डबा. पाट उपसणाऱ्या माणसांसाठीच तो निघाला होता. त्यांनी मला बाजूला सारलं, आत वाकल्या आणि खजुरातली बी काढून गर आत्यांच्या ओठांना लावला.

"मामा, खाओ. मामा, थोड़ा खाओ."

इथे म्हाताऱ्या बाईला मायेने मामा म्हणतात, म्हणजे आई. आत्यांनी डोळे किलकिले केले. "मामा कोणाला म्हणतेय ही?" त्या पुटपुटल्या, आणि मला रडू आलं, कारण तेवढं विचारण्याइतक्या त्या शुद्धीत होत्या. एक खजूर गेला, दुसरा गेला.

"उधर क्लिनिक है, नहवा में," मोझा म्हणाल्या. "चलो, यल्ला."

आता आत्यांना एका गाडीतून दुसऱ्या गाडीत न्यायचं होतं. आणि एवढ्या घामाघूम अवस्थेतही त्यांनी दाराची कड घट्ट धरली. मी अर्धं हिंदीत, अर्धं हातवाऱ्यांनी मोझांना व्हिसाचं सांगितलं. त्यांनी ऐकलं, त्यांच्या तोंडावर हसू आलं, ते त्यांनी दाबलं. परत जाऊन त्यांनी आपली गाडी अशी मागे घेतली की दोन्ही दारं एकमेकांना भिडली. आम्ही दोघींनी आत्यांना उचलून सरकवलं. ओमानच्या मातीला त्यांचा पाय लागला नाही. मी साक्षीदार आहे.

क्लिनिकमध्ये केरळच्या सिस्टरने बोट टोचून साखर बघितली, ज्यूस पाजला, आणि अर्ध्या तासाने परत बघितली. मोझा तेवढा वेळ आत्यांचा हात धरून बसल्या होत्या. आत्यांच्या चेहऱ्यावर रंग परत आला तसा आवाजही आला. पहिला प्रश्न, "हा कुठला देश?"

"शारजा, आत्या."

"मग चपला दे."

इकडे खाली गाडीची मिरवणूक निघाली होती. सालेमच्या पिकअपला दोर बांधला, पाटातली सगळी माणसं मागून ढकलायला आली, ओमानी आणि अमिराती दोन्ही, आणि शैलेश हातात फोन धरून पुढे चालत होता, नकाशावरचा ठिपका बघत. अमिरातीचा झेंडा ओलांडला तरी ठिपका ओमानमध्येच. "थोड़ा और!" शैलेश ओरडायचा. माणसं ढकलायची. शेवटी ठिपका शारजात आला, शैलेशने हात वर केले, आणि राशिद दम खात म्हणाले, "वेलकम."

रिकव्हरीवाल्याला यायला वेळ होता. त्यात जेवण कुठे, यावर भांडण झालं. सालेमचं म्हणणं, पाहुणे त्यांच्या हद्दीत बंद पडले. राशिदचं म्हणणं, आता ते आपल्या हद्दीत उभे आहेत. मोझांनी ते मिटवलं. भात आणि मासा त्यांनी आपल्या घरून भावाच्या घरी आणला, आणि सगळे राशिदच्या घरी बसलो, बायका आत, पुरुष बाहेर दिवाणखान्यात.

जेवताना आत्यांनी विचारलं, मी भाषांतर केलं: पाणी कसं वाटून घेता? दोन देशांचं?

मोझांना प्रश्न आधी समजेचना. मग त्यांनी सांगितलं. जुन्या लोकांनी कोणत्या राजाच्या बाजूला जायचं ते ठरवलं, मदहा एकीकडे गेलं, नहवा दुसरीकडे. पण बागांच्या पाण्याच्या पाळ्या होत्या तशाच राहिल्या. वरच्यांनी आधी, खालच्यांनी नंतर. पाऊस पडून पाट भरला की दोन्हीकडची माणसं येतात.

"आणि कोणी नाही आलं तर?"

मोझांनी खांदे उडवले. "तो उसका घर में खाना नहीं जाएगा उस दिन."

देवरुखला त्यांच्या बागेचा पाट शेजारच्या साळवींच्या कुंपणाखालून येतो. तिथे कोण दगड काढणार, यावरून दोन्ही घरं इतकी वर्षं बोलत नाहीत की मूळ दगड कोणता हे कोणाला सांगता येणार नाही. आत्यांनी यातलं काही मोझांना सांगितलं नाही. फक्त खजुराचा आणखी एक तुकडा मागून घेतला. सिस्टरने गोड जपून खायला सांगितलंय, अशी मी आठवण केली, तर म्हणाल्या, "गप गो."

गाडी फुजैराच्या गॅरेजला गेली. आम्हाला राशिदनी शारजात सोडलं, मुलीकडे जायचंच आहे म्हणत. खरंच जायचं होतं का, आम्ही विचारलं नाही.

जाणाऱ्यांसाठी तेवढं सांगते. रस्ता पूर्ण डांबरी आहे, साधी गाडी चालते. इन्शुरन्समध्ये ओमान आहे का ते निघण्याआधी बघा. अंगभर कपडे घाला, घरांचे आणि बायकांचे फोटो काढू नका. पाणी भरपूर ठेवा आणि कोणाला मधुमेह असो वा नसो, खडीसाखर ठेवाच.

आत्या जानेवारीत परत गेल्या. त्यानंतर त्यांचे आणि मोझांचे फोनवर आवाजी निरोप सुरू झाले. आत्या मराठीत बोलतात, मोझा अरबीत, मधे हिंदीचे दोनचार शब्द. कोणाला किती समजतं देव जाणे. आत्यांनी येणाऱ्याबरोबर आमसुलं पाठवली, ती आम्ही पोचवली. मोझा ती माशात घालतात. साळवींकडेही आमसुलं गेली, असं शैलेशच्या भावाकडून कळलं. पुढे काय झालं ते आत्यांनी सांगितलं नाही, आणि आम्हीही उकरलं नाही.

मार्चमध्ये इकडे धो धो पाऊस झाला. दोन दिवसांनी आत्यांचा फोन. "शनिवारी काय करताय?"

"काही नाही. आराम," शैलेश म्हणाला.

"मोझाचा पाट बुजलाय. मी सांगितलंय तिला, माझा भाचा आणि सून येतायत. फावडी तिकडे आहेत म्हणाली."

गेलो. इन्शुरन्स वाढवून घेतला होता. शैलेशला सालेम आणि राशिदच्या मधे उभं केलं आणि दगड हातोहात पुढे द्यायला लावले. दुपारपर्यंत त्याच्या पाठीने राजीनामा दिला होता, पण दोघा मेव्हण्यांसमोर तो बसायला तयार नव्हता. मी बायकांबरोबर वरच्या बाजूला पानं आणि काटक्या काढत होते. उन्हं कलायच्या आधी पाणी अडवणारी वरची फळी उचलली आणि पाणी आलं. आधी चिखलाचं, मग गढूळ, मग नितळ. ते नहवाच्या बागेतून वळलं आणि खाली मदहाकडे गेलं. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. माणसांनी त्यातच हातपाय धुतले आणि जेवायला निघाली.

घरी पोचलो तेव्हा शैलेशला चमचा धरता येत नव्हता. दोन्ही तळव्यांना फोड. मी त्याला वरणभात भरवत होते, तेवढ्यात आत्यांचा व्हिडिओ कॉल आला. त्याने हात दाखवले, पाठीचं सांगितलं, सालेमने कसं राबवून घेतलं ते सांगितलं. आत्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"ते असू दे. खालच्या बागेत पाणी पोचलं का?"

"पोचलं, आत्या."

"मोझा जेवली?"

"जेवल्या. आमच्याबरोबरच."

"बरं झालं," आत्या म्हणाल्या, आणि त्यांनी फोन ठेवला.