फिटर साहेबाची ठेव

सन १९३९. श्रावण सरत आला होता, पोळा आठ दिवसांवर होता. त्या दिवशी माझ्या दारात दुसरा कुत्रा आला, आणि तिथून किस्से साचायला लागले. किस्से कोणी ठरवून गोळा करत नाही. माझ्या ओट्यावर रोज चार माणसं बसत, एक सांगे, दुसरा त्यात मीठ घाली, आणि महिन्याभरात तो किस्सा मेहकरच्या बाजारातून उलटा आमच्याकडे येई. मीठ झटकून, घडलं तेवढं सांगतो.

पहिली कुत्री माझी स्वतःची. तिचं नाव रोझी, जात इंग्लिश पॉइंटर. रस्त्याच्या कामावरचा साहेब विलायतेला परत गेला तेव्हा मला देऊन गेला. दुसरा कुत्रा हेक्टर. तो जर्मन पॉइंटर. तो माझा नव्हता.

त्याचा मालक मेहकरच्या एका कापसाच्या जिनात मशिनी दुरुस्त करणारा जर्मन फिटर होता. पावसाळ्यात जिन बंद, तेव्हा त्याचं काम. हिवाळ्यात तो सुलतानपूरला माझ्याकडे यायचा आणि आम्ही दोघं तुरीच्या वावरांतून लावे, तितर मारत फिरायचो. तो बोलत नसे, मी बोलत नसे. चांगलं जमायचं.

लढाई सुरू झाली आणि सरकारनं जर्मन माणसं धरायला घेतली. फिटर साहेबाला न्यायला मोटार आली. त्यानं शिपायांना विनवून मोटार माझ्या दाराशी थांबवली आणि साखळी माझ्या हातात दिली.

"पाटील, मैं वापस आएगा."

मी म्हणालो, "ठेव आहे. आला की घेऊन जा."

एवढंच बोलणं झालं.

*

दोन्ही कुत्रे सारखेच दिसत. तेच लांब कान, तोच बारीक केस, तोच खोल छातीचा बांधा. रोझी पांढरी, अंगावर तपकिरी चट्टे. हेक्टर तपकिरी, अंगावर पांढरे शिंतोडे. खरा फरक शेपटीचा. रोझीची शेपटी वेताच्या छडीसारखी. हेक्टरची अर्धीच, त्यांच्याकडे लहानपणीच कापतात.

आमच्या ओट्यावर किसन माळी रोज येई. त्याचा भाजीचा मळा माझ्या घरामागेच. त्यानं हेक्टरला पुढून पाह्यलं, मागून पाह्यलं.

"पाटील, याची शेपटी कोनं तोडली?"

शाळेचे मास्तर पुण्याकडचे. त्यांनी खुलासा केला, "अहो, तिकडे सगळ्याच कुत्र्यांची कापतात. झुडपात अडकू नये म्हणून."

किसन म्हणाला, "मंग मास्तर, झुडपं काऊन नाई तोडत?"

 

*

आठवडा झाला नसेल, एक जमादार गावात आला. गावात कोणी जर्मन राहिला आहे का, याची चौकशी. रस्त्यात त्याला नेमका किसन भेटला.

"हाव जी, एक हाये. पाटलाच्या घरी बांधेल हाये."

जमादार ताठ झाला. "बांधेल?"

"साखळीनं."

"खातो-पितो का?"

"दोन टाइम. भाकर अन् ताक."

"वय?"

"दोन वर्सं."

जमादारानं तेही लिहून घेतलं! मग पुढं विचारलं, "धंदा?"

"लावे धरते."

कागद घेऊन तो माझ्या अंगणात आला. हेक्टर उठून उभा राहिला. जमादारानं त्याच्याकडे पाह्यलं, कागदाकडे पाह्यलं, माझ्याकडे पाह्यलं. मला हसू आलं नाही. हा माणूस कुत्रा सरकारात जमा करून घेऊन गेला, तर उद्या मी फिटर साहेबाला तोंड काय दाखवू?

"आता वर काय कळवू, पाटील?"

"दिसते ते कळवा."

जमादार भला माणूस. त्यानं ओट्यावर बसून लिहिलं आणि मास्तरांना वाचून दाखवलं: 'जर्मन इसम आढळला नाही. कुत्रा एक आढळला. वर्तणूक चांगली.'

*

आता कामाचं सांगतो, कारण या जातीचं मोल कामात आहे.

पाखराचा वास आला की पॉइंटर जागच्या जागी थिजतो. नाक वासाच्या रेषेत, पुढचा एक पाय उचललेला, शेपटी ताठ. याला पॉइंट धरणं म्हणतात. या कामात रोझीची बरोबरी हेक्टरला कधी साधली नाही. हेक्टर पॉइंट धरी, पण थोड्या वेळानं मागं वळून बघे, मी येतो की नाही. रोझी बघत नसे. तुम्ही या, नका येऊ, ती दगडाची.

एकदा सकाळी ती किसनच्या मळ्यात शिरली आणि वांग्यांच्या वाफ्यात एका उंचवट्यापुढं थिजली. मी बाजाराला गेलो होतो. किसननं तिला असं कधी पाह्यलं नव्हतं. हाक मारली, हलली नाही. भाकर टाकली, पाह्यलं नाही. किसनच्या डोक्यात एकच आलं. धन!

त्यानं मळ्याचं फाटक लावून घेतलं, बायकोला राखणीला बसवलं आणि कुदळ मारली. पहिल्याच घावाला उंचवट्यामागून लावा उडाला. त्याच्याकडे ध्यान कोणाचं! मी परत आलो तेव्हा तो कमरेइतक्या खड्ड्यात होता. वांग्यांचा अख्खा वाफा उलथा झालेला. रोझी केव्हाच घरी येऊन झोपली होती.

मी सगळं समजावून सांगितलं. पाखराचा वास, पॉइंट, सगळं. तो ऐकून घेत होता. मग घाम पुसून म्हणाला,

"ते असंल. पन कुत्री लबाड नाई, पाटील. म्या उशीर केला, धन खाली सरकलं."

*

रोझीत एक खोट होती. पाखरू पडलं की तिचं काम संपलं. उचलून आणणं तिला कमीपणाचं वाटे. पाण्यात तर पाय घालत नसे. हेक्टरचं उलटं. तो पडलेलं पाखरू काट्यातून, चिखलातून, पुरातून आणी, आणि तोंड इतकं हलकं की पीस मोडत नसे. त्याला न सांगताही तो आणी. शेजारच्या कोंबड्या जिवंत आणून माझ्या पायाशी ठेवी आणि मी त्या परत देत फिरे.

मास्तरांना पुण्याकडे बदली हवी होती. तीन वर्षं अर्ज चालले होते. शेवटी कोणी सांगितलं, नदीला नारळ सोडा. मास्तर सोवळं नेसून नदीवर गेले, मंत्र म्हटले, डोळे मिटून नारळ सोडला. डोळे उघडले तर नारळ पायाशी! शेजारी हेक्टर, अंग झाडत.

मास्तरांनी जोर लावून दुसऱ्यांदा फेकला. हेक्टर त्यांच्या आधी पाण्यात. तिसऱ्यांदा त्यांनी नारळ ऐन धारेत टाकला. हेक्टरनं खालच्या वळणावरून तो आणला आणि शहाण्यासारखा समोर बसला.

पलीकडून किसन ओरडला, "मास्तर, राहू द्या आता! अर्ज नामंजूर झाला!"

मास्तर पुढं आमच्याच शाळेतून पेन्शनीत निघाले.

*

घरात कोणता बरा, असं लोक विचारत. सरळ सांगतो. रोझी बंदुकीची होती. ज्याच्या खांद्यावर बंदूक, त्याच्या मागं जाई, मग तो मी असो की परका. घरात ती पाहुण्यासारखी राही, कोणाला त्रास नाही, कोणाशी लळा नाही. हेक्टर माणसाचा होता.

दुसरा कुत्रा आला तेव्हा घरचीनं मला बजावलं होतं, "अवो, हे दुसरं जनावर मह्या सैपाकघरात आलं तर म्या चुलीत पानी ओतीन." महिन्याभरात तो चुलीपासून हातभर अंतरावर झोपायला लागला. पहिली भाकर त्याची, दुसरी माझी. मी विचारलं तेव्हा उत्तर आलं, "तो लोकाचा हाये. लोकाचं आधी."

एकदा भाजीत मीठ जास्त झालं म्हणून मी ताट सारलं आणि आवाज चढवला. माझा आवाज मोठा आहे. हेक्टर उठला, माझ्या आणि तिच्या मधात येऊन उभा राहिला आणि त्यानं दात दाखवले. माझ्या घरात, मला!

मी काठी घेतली. घरची शांतपणे म्हणाली,

"मारा. पन उद्या तो साहेब आला अन् इचारलं, हा वळ कायचा, तर तुमीच सांगजा."

मी काठी ठेवली. ताट ओढून जेवलो. तेव्हापासून मी घरात आवाज चढवला नाही. गावात लोक याचं श्रेय तिला देतात.

*

जालन्याकडचे एक मोठे शिकारी देऊळगाव राजाला पाहुणे आले होते. त्यांनी एक दिवस दोन्ही कुत्रे माझ्याबरोबर चालवले. रोझीनं शोधायचं, हेक्टरनं आणायचं. तितर एकही वाया गेला नाही. संध्याकाळी त्यांनी मला बाजूला घेतलं. हेक्टर द्या आणि तबेल्यातला हवा तो घोडा घ्या, म्हणाले.

"तो माझा नाही."

"मालक कुठं आहे?"

"कैदेत."

"परत येईल?"

"म्हणाला होता."

ते हसले. "पाटील, जर्मनीत आता तुमचा फिटर कोण, हे सांगायलाही कोणी उरणार नाही. पाच वर्षं झाली. कुत्रा तुमचाच झाला."

किसन मागं उभा होता. माझ्याआधी तोच बोलला, "पाटलाले गहू ठिवाले द्या सायेब. दहा वर्सानं या. पोतं तेच राह्यते, सुतळीबी तीच राह्यते."

ते रोझीबद्दल काही बोलले नाहीत. मला त्याचा राग आला होता.

*

रोझी त्याच वर्षी माघात गेली. म्हातारी झाली होती. तुरीच्या बांधावर पॉइंट धरून उभी राहिली, मी गेलो, तितर उडाला, मी मारला. ती तिथंच बसली आणि आडवी झाली. तो तितर हेक्टरनं उचलला, पण माझ्याकडे आणला नाही. तिच्यापुढं ठेवला.

तिच्यासारखी कुत्री मी नंतर पाह्यली नाही. तिथंच पुरली.

त्यानंतर हेक्टर घरात एकटा. घरची त्याच्याशी बोले, मी सुद्धा बोलायला लागलो. त्याचं तोंड पांढरं झालं होतं. कानानं कमी ऐकू येई. पण मी वावरात निघालो की मागं असे.

*

सन १९४६, कापूस वेचणीचे दिवस. एक कार्ड आलं. मास्तरांनी वाचलं. फिटर साहेब सुटला होता, मुंबईकडे त्याला काम लागलं होतं. एकच विचारलं होतं, हेक्टर जिवंत आहे का?

 मग मास्तर हळूच म्हणाले,

"पाटील, नऊ वर्षांचा कुत्रा. मेला म्हणून लिहिलं तर कोणी खोटं म्हणणार नाही. मी लिहितो. पाप माझ्या डोक्यावर."

किसन म्हणाला, "हाव. लिहा मास्तर."

 घरची आत दाराशीच उभी होती, मला माहीत होतं.

मी म्हणालो, "लिहा. जिवंत आहे. घेऊन जा."

मास्तरांनी लिहिलं. "आणखी काही?"

"नाही."

आठ दिवसांनी दुपारच्या सर्व्हिस मोटारीनं तो आला. वाळला होता, केस पांढरे झाले होते. हेक्टरनं त्याचा हात हुंगला, बूट हुंगले, पुन्हा हात हुंगला. अर्धी शेपटी हलली. साहेब खाली बसला आणि बराच वेळ कुत्र्याच्या मानेत तोंड घालून राहिला. आम्ही दुसरीकडे पाह्यलं.

चहा झाला. घरचीनं फडक्यात भाकरी बांधून दिल्या. त्या कोणासाठी, हे तिनं सांगितलं नाही. परतीची मोटार लागली. मी साखळी त्याच्या हातात दिली.

तो त्याच्या भाषेत काही बोलला. हेक्टर बसून राहिला. तो पुन्हा बोलला, जरा मोठ्यानं. हेक्टर माझ्याकडे बघत होता. तिसऱ्यांदा साहेबाचा आवाज फुटला. ड्रायव्हरनं भोंगा वाजवला.

फिटर साहेबानं साखळी सोडली.

"रहने दो, पाटील. भूल गया. अब ये तुम्हारा."

मास्तरांनी माझ्याकडे पाह्यलं. किसननं पाह्यलं. दारातून घरचीनं पाह्यलं. मी गप्प राहिलो असतो तर कोणी काही म्हणणार नव्हतं.

मी साखळी उचलून पुन्हा त्याच्या हातात दिली.

"तुम्हाला विसरला नाही, साहेब. तुमची बोली विसरला. 'चाल बे' म्हणा."

तो म्हणाला, "चाल बे."

हेक्टर उठला आणि मोटारीत चढला.

ठेव पोचती झाली.