शेवटची आठ पानं

माझ्यामुळे दादाला तालमीतून काढणार होते. मी तेव्हा नववीत होते, नव्वदचं दशक नुकतं सुरू झालं होतं, आणि या सगळ्याला कारण होती मोठ्या टायपातली, नव्वद पानांची एक कादंबरी.

शाहूपुरीत आमच्या घरापासून चार दुकानं सोडून एक वाचनालय होतं. तिथल्या एका फळीवर आमच्या वयाच्या मुलामुलींसाठीच्या कादंबऱ्या असायच्या, बहुतेक पहिल्या प्रेमाच्या. मी त्या अधाशासारख्या वाचायचे. त्यांत एवढं होतं तरी काय, असं आज कुणी विचारलं तर खरं सांगते, काही नव्हतं. एक मुलगा, एक मुलगी, एक सायकल, एक वही. दोघांची बोटं चुकून एकमेकांना लागायची आणि त्यावर लेखक अख्खं प्रकरण खर्ची घालायचा. पण ते प्रकरण वाचताना माझ्या तळहाताला घाम यायचा. जगात पहिल्यांदाच कुणाचं बोट कुणाला लागलंय असं वाटायचं. पुढं मी मोठमोठ्या लेखकांची जाडजूड पुस्तकं वाचली, पण तो घाम काही परत आला नाही.

दादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा. घरी आई लाड करते म्हणून वस्तादांनी त्याला तालमीतच राहायला लावलं होतं. फक्त रविवारी जेवायला घरी यायचा. अशाच एका रविवारनंतर माझ्या दप्तरातलं पुस्तक गायब झालं. मी सगळं घर पालथं घातलं. ते सापडलं पुढच्या आठवड्यात, तालमीत, दादाच्या पेटीत, बदामाच्या पिशवीखाली. कुणाकडे तरी गुटखा मिळाला म्हणून वस्तादांनी सगळ्यांच्या पेट्या उघडायला लावल्या होत्या. गुटखेवाल्याला दोन थोबाडीत बसल्या आणि त्याचं प्रकरण मिटलं. दादाला मात्र अंथरूण गुंडाळायला सांगितलं.

लंगोट कसला की पोरीबाळींचा विचारसुद्धा मनात आणायचा नाही, हा तालमीचा कायदा. वस्ताद साठीचे, बिनलग्नाचे, उभं आयुष्य लाल मातीत काढलेले. त्यांच्यापुढं कोण काय बोलणार? चैत्रातल्या जत्रांची मैदानं महिन्यावर आली होती आणि दादाची पहिली मोठी कुस्ती ठरली होती. आमचे वडील दुकानापायी तरुणपणीच कुस्ती सोडून बसलेले, त्यामुळे दादाची कुस्ती म्हणजे त्यांचा जीव की प्राण. बातमी आली तसे ते तडक उठले. मला लुनावर मागे बसवलं आणि तालमीच्या दारात नेऊन उभं केलं. वस्तादांचा निरोपच तसा होता, जिचं पुस्तक आहे तिला आणा म्हणून.

बायकांनी तालमीत पाऊल टाकायचं नाही, म्हणून मी पायरीवरच थांबले. आत लाल मातीच्या हौद्याच्या कडेनं वीसेक पैलवान बसलेले, आणि कोपऱ्यात वळकटीशेजारी मान खाली घालून दादा. त्याच्याकडे बघून मला रडू यायला लागलं.

"रडू नगं," वस्ताद म्हणाले. "ह्यात काय हाय ते मला ऐकायचं हाय. वंगाळ असंल तर पोरगं आजच्या आज घरी. ह्या बेन्यांना वाचाय लावलं तर दात काढत्यात. तू वाच."

त्यांना स्वतःला वाचता येत होतं, पण चष्मा लावणं म्हणजे पाठ टेकणं, असा त्यांचा समज होता.

"सगळं वाचू?" मी विचारलं.

"मग काय निम्मं?"

मी पायरीवर बसले आणि वाचायला लागले. पहिली दहा पानं माझी मलाच ऐकू येत नव्हती. नायिकेच्या वेणीचं वर्णन आलं तशी मागून कुणीतरी खिदळलं. वस्तादांनी नुसतं वळून बघितलं, पुरे झालं. मग मुलीच्या सायकलची चेन पडते तो भाग आला. मुलगा चेन बसवून देतो, हात काळे होतात, तिनं दिलेला रुमाल तो घेत नाही, कारण तो मळेल. दिवसभर तसेच काळे हात घेऊन तो वर्गात बसतो. एवढंच. पण मी पान उलटायला थांबले तर तालमीत चिडीचूप. कुणी अंग चोळत होतं त्याचा हात तसाच राहिलेला. पुढं तो तिची कंपासपेटी परत द्यायला जातो, दार तिची आई उघडते, आणि हा पेटी तिथंच टाकून पळत सुटतो.

"आरं सांग की लेका!" आतून एकजण ओरडला. शंभर किलोचा गडी, आसपासच्या गावांत त्याच्या नावानं पैलवान मैदान सोडायचे.

मी थक्क झाले. आजही आठवलं की थक्क होते. ज्यांना मैदानात कुणी हलवू शकत नव्हतं, त्यांना एका दहावीतल्या भित्र्या पोरानं जागेवर खिळवून ठेवलं होतं. बाहेर माझे वडील लुनाला टेकून ऐकत होते. दुकान उघडायची वेळ केव्हाच टळून गेली होती आणि त्यांना त्याचं भानच नव्हतं. दादानं मान वर केली होती. वस्ताद डोळे मिटून बसले होते.

मुलीच्या वडिलांची बदली होते. ती गाव सोडून निघते. मुलगा एस.टी. स्टँडवर येतो, खिशात चिठ्ठी आहे, गाडी लागलेली आहे. तिथं वस्तादांनी हात वर केला.

"थांब."

"आठच पानं राहिलीत," मी म्हणाले.

"ऱ्हाऊ देत." ते उठले. "ह्यात वंगाळ काय हाय? पोरगं बोलायला भितंय, तिच्या अंगाला हात न्हाई लावत. वळकटी सोड रं. पर चोरून वाचलंस, म्हनून उद्यापास्नं दोनशे जोर ज्यादा."

दादा पायरीवर आला आणि सगळ्यांदेखत त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला. वडिलांनी येताना मला मिसळ खाऊ घातली. मला मात्र एकच राग होता. शेवटची आठ पानं सोडून कुणी पुस्तक बंद करतं का? असला वाचक मी तोवर पाहिला नव्हता.

दादानं चैत्रातली कुस्ती मारली. पुढं पाच-सहा वर्षं खेळला, मग गुडघा गेला आणि तो दूध संकलनाच्या कामाला लागला. त्याचं लग्न ठरलं तेव्हा मी शाळेत शिकवत होते. मांडवात मुहूर्त टळत चाललेला, भटजी कुणाची तरी वाट बघत होते, आणि आम्ही सगळे मुठीत अक्षता धरून ताटकळत उभे. वस्ताद माझ्या शेजारी. पार थकलेले, आणि डोळ्यांवर एकदाचा चष्मा.

"पोरी," ते हळूच म्हणाले, "त्या पुस्तकातल्या पोरानं चिठ्ठी दिली का गं?"

मला क्षणभर कळेना. मग कळलं. एवढी वर्षं हे त्यांच्या मनात होतं. खोटं सांगावं असं वाटलं, पण त्यांच्याशी खोटं बोलवेना.

"न्हाई, वस्ताद. गाडी सुटली. चिठ्ठी खिशातच राहिली."

"मला वाटलंच," ते म्हणाले. "म्हनून तर थांबवलं तुला. त्ये काय मला ऐकवलं नसतं." मुठीतल्या अक्षता ते बोटांनी चाळवत राहिले. हौद्याच्या पलीकडं या माणसाचं काही असेल, हे तोवर माझ्या मनातही आलं नव्हतं. मग त्यांनी अंतरपाटाशी उभ्या दादाकडे मान केली.

"आनि ह्यानं? का घरच्यांनीच ठरवलं?"

"ह्यानंच सांगितलं तिला. तिच्या गावात दूध केंद्राच्या कामाला जायचा, तिथं वळख झाली. शेवटाला स्टँडवर गाठलं."

"कुठल्या स्टँडवर?"

"आपल्या हितल्याच. चंदगडची गाडी सुटत हुती. खिडकीपाशी पळत जाऊन सांगितलं."

मंगलाष्टकं अजून सुरू व्हायची होती. पण वस्तादांनी मुठीतल्या सगळ्या अक्षता एकदम दादाच्या दिशेनं उधळल्या आणि ओरडले, "शाब्बास रं पठ्ठ्या!" सगळा मांडव वळून बघायला लागला. दादानं चैत्रातली कुस्ती मारली तेव्हाही ते एवढ्या मोठ्यानं ओरडले नव्हते.