माझ्या वजनाची वाळू

बोटीजवळ आला की तो आधी वाकायचा. सलाम नंतर, चहा नंतर. बोटीच्या तळाला कान लावायचा, बोटाच्या पेराने दोनदा ठोकायचा आणि डोळे मिटून ऐकायचा. आवाज खणखणीत आला तर म्हणायचा, "नज्जार, आज ये जागता है." बद्द आला तर नुसतं, "पानी पिया." मग मी फळी उघडून ओल शोधायची. कधी सापडायची, कधी नाही. नाही सापडली तरी तो कबूल व्हायचा नाही. मीही व्हायचो नाही.

नज्जार म्हणजे सुतार. माझं नाव त्याने कधी घेतलं नाही. मी त्याला नाखवा म्हणायचो. गलबताच्या कप्तानाला त्या अरबांत नोखदा म्हणतात, आमच्या विजयदुर्गाकडे नाखवा. त्याचा बाप मोती काढणाऱ्या गलबताचा नोखदा होता, म्हणून त्याला ते गोड लागायचं. बाकी सगळे त्याला चॅम्पियन म्हणत.

चॅम्पियन कशाचा, तर जुन्या लाकडी शर्यतीच्या बोटींचा. हायड्रोप्लेन म्हणतात. आपल्या होडीसारखी ही पाण्यात बसत नाही. वेग आला की वर उचलते, पुढचे दोन टेकू आणि मागचा पंखा एवढंच पाण्याला लागतं, आणि मागे पाण्याचा उंच पिसारा उठतो. ह्याला नव्या बोटी नको होत्या. कुठल्याशा गोऱ्याच्या गोठ्यात पडलेली म्हातारी बोट आणायची, तिचं लाकूड बदलायचं आणि तीच पळवायची, हा त्याचा नाद. तेल कंपनीतले काही साहेब आणि दोन-चार अरब, अशी त्या नादाची मंडळी होती. त्यांच्यात पहिला बहुतेक हाच यायचा.

नव्वद सालानंतरची गोष्ट. मी शारजाजवळ उम्म अल कुवैनला मच्छीमार गलबतं दुरुस्त करत होतो. मला आपल्या शेडमध्ये नेऊन त्याने ती बोट दाखवली. मी म्हटलं, "ये बोट नहीं, पाट है."

"पाट क्या?"

"उसपे बैठ के खाना खाते हैं. हमारे गाँव में."

तो इतका हसला की डोक्यावरचा रुमाल सरकला. "यल्ला. तुम पाट बनाओ. उसपे बैठ के मैं सबका कप खाएगा."

मी ती बनवली. तळाची प्रत्येक फळी माझ्या हातची. आणि त्याने कप खाल्ले, हे खरं आहे. ते मी नाकारणार नाही.

आता सीटचं सांगतो, कारण माझं त्याच्याशी जे आहे ते सीटवरून आहे.

त्या बोटीला दोन सीट होत्या. जुन्या काळी चालवणाऱ्याशेजारी मेकॅनिक बसायचा. इंजिनावर लक्ष ठेवायचं आणि वळणावर अंग आतल्या बाजूला टाकायचं, म्हणजे बोट उलटत नाही. शर्यतवाल्यांचा नियम असा होता की दुसऱ्या सीटवर माणूस हवा, नाहीतर माणसाच्या वजनाची वाळूची गोणी हवी. पहिल्या वर्षी बोटीचा तोल साधताना त्याने मलाच त्या सीटवर बसवलं. बोट लाकडी घोडीवर होती, जमिनीवर. मी बसलोय, तो भोवती फिरतोय, ठोकतोय, ऐकतोय. मग म्हणाला, "खलास. ये तुम्हारा सीट. पानी में भी तुम बैठेगा, इन्शाल्ला."

मी घरी पत्राऐवजी कॅसेट भरून पाठवली, त्यात हे सांगितलं. शारजाच्या बाजारातून मागे पट्टा असलेला गॉगल आणला आणि शेडमध्ये खिळ्याला टांगून ठेवला.

नंतर तो मला मासळी बाजारात घेऊन गेला. सुरमई तोलायच्या मोठ्या काट्यावर उभा केला. केरळचा एक मासळीवाला ओरडला, "अरे, ये मच्छी ताज़ा नहीं है." सगळा बाजार हसला, नाखवा सगळ्यात जास्त. माझ्या वजनाएवढी वाळू भरून त्याने गोणी शिवून घेतली. म्हणाला, सरावाला रोज तुला कशाला भिजवू, सरावाला गोणी, शर्यतीला तू.

पहिली शर्यत शारजाला, खालिद लगूनमध्ये. मी सकाळी दाढी करून, गॉगल खिशात घालून गेलो. सीटवर एक बँकेचा साहेब बसलेला. नाखवा म्हणाला, "मेहमान है, नज्जार. अगला टाइम."

पुढच्या वेळी त्याचा साडू. त्याच्या पुढच्या वेळी टीव्हीवाला, मांडीवर कॅमेरा घेऊन. मी फळ्या तपासून द्यायचो आणि काठावर उभा राहायचो. लोकांमध्ये लगूनकाठच्या अल मजाजच्या टॉवरमधली आपली मराठी मंडळी मुलांना घेऊन आलेली असायची. एकाने विचारलं, "काका, तुम्ही ह्यांच्याकडे असता का? काय काम?" मी म्हटलं, "बोट माझी आहे." तो हसला. त्याला वाटलं, म्हातारा गमतीत बोलतो.

गणपतीला गावी गेलो की मेहुणा ठरलेलं विचारायचा. "भावोजी, बसलात की अजून बोटच पुसताय?" बायको त्याला गप्प करायची. पण रात्री तीही विचारायची, "खरंच, बसलात का हो?"

एकदा मी नाखव्याला तोंडावर विचारलं. तो माझ्या डब्यातला सुका बांगडा खात होता, डोळ्यांतून पाणी काढत. "इसमें मिर्ची है या पेट्रोल?" असं म्हणत दुसरा तुकडा घ्यायचा, ही त्याची रीत.

मी म्हटलं, "नाखवा, मेरा सीट का क्या?"

त्याने हात पुसले. म्हणाला, माझ्या बापाच्या गलबतावर नज्जारला कधी समुद्रात नेत नसत. गलबत बुडालं तर नज्जार दुसरं बांधेल. नज्जार बुडाला तर कोण बांधेल?

मी म्हटलं, "तुम्हारे बाप का नज्जार तैरना नहीं जानता होगा. मैं जानता हूँ."

"नज्जार, तुम पागल है."

"फिर पहले ज़बान क्यों दिया?"

त्याने बांगडा संपवला आणि बोटीला कान लावायला गेला.

पुढच्या हंगामात शारजालाच वळणावर बोट उलटली. सीटवर तोच बँकेचा साहेब होता. अंग आत टाकायचं सोडून तो घाबरून अर्धा उभा राहिला. त्याचा पाय मोडला, नाखव्याच्या बरगड्या गेल्या. मी इस्पितळात गेलो तर नाखव्याने आधी विचारलं, "लकड़ी कैसा है?" मग म्हणाला, "देखा? तुम होता तो?"

मी म्हटलं, "मैं होता तो बोट नहीं पलटता."

त्याला हसू आलं, आणि बरगड्यांमुळे हसता येईना. तेव्हा मला त्याची दया आली. तेवढीच.

त्यानंतर त्याने त्या सीटवर माणूस बसवलाच नाही. गोणी ठेवायचा. माझ्या वजनाची वाळू घेऊन तो शर्यतीमागून शर्यती जिंकत गेला. लोक म्हणायचे, काय तोल आहे बोटीचा. असणारच. तोल माझा होता.

मग त्याच्या डोळ्यांवर पडदा आला. दोनदा ऑपरेशन झालं, शर्यत बंद झाली. दोन हजार सालानंतर कधीतरी खाडीच्या काठी नवा रस्ता झाला. त्याच्या उद्घाटनाला त्याने बोट एकदा फिरवून दाखवावी असं ठरलं. शर्यत नाही, घाई नाही, एक चक्कर. बोट पाण्यात उतरली. त्याने वाकून कान लावला, ठोकलं, आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "नज्जार, आज बैठ."

सगळे बघत होते. त्याचे मुलगे, पोलीस, फुलांच्या माळा घातलेले पाहुणे. हवेत निळे-पांढरे फुगे. बोट बारातीच्या घोड्यासारखी चालणार होती.

मी म्हटलं, "नाखवा, मुझे रेस में बैठना था. बारात में नहीं."

मी त्याला किती दिसत होतो कुणास ठाऊक. तो माझ्या दिशेने वळला. मग म्हणाला, "खलास."

मुलाला शेडमधून गोणी आणायला सांगितली. ती स्वतः सीटवर नीट टेकवली, तिला पट्टा बांधला. मुलाने गोणीबरोबर खिळ्यावरचा माझा गॉगलही आणला होता. तो नाखव्याने गोणीच्या मानेला बांधला आणि गोणीच्या पाठीवर दोन थापा मारल्या. लोक हसले. त्याने माझी चेष्टा केली की आणखी काही केलं, ते मला तेव्हा कळलं नाही. आजही कळत नाही. वळणावर तो एकटाच आतल्या बाजूला झुकला, त्या वेगाला गरज नव्हती तरी.

तुम्ही म्हणाल, बसायला हवं होतं. बायको मरेपर्यंत तेच म्हणत होती. मी आजही बसणार नाही. पंगत उठल्यावर वाढलेलं मी कुठेच खाल्लेलं नाही.

तो गेला तेव्हा मी गावी होतो. परत आलो तर शेड रिकामी. मुलांनी बोट दुबईच्या एका हॉटेलला दिली. तिथे ती भिंतीला उभी टांगली, असं ऐकलं. टांगण्यासाठी तळाला भोकं पाडली असणार. मी बघायला गेलो नाही.

शेडच्या फाटकाशी गोणी टाकून दिली होती. गॉगल नव्हता. शिवण उन्हाने पांढरी झाली होती, पण सुटली नव्हती. इथे कुणी लाथाडेल, निदान भिंतीच्या सावलीत ठेवावी म्हणून मी वाकलो आणि उचलायला गेलो. हलली नाही. वाळू तेवढीच होती, मी तेवढा उरलो नव्हतो.