वैशाखऱ्यापुढची हिरवी खूण

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला तर मुळीच नाही — कारण ज्याचं मी वाटोळं केलं, तो त्याचा चुलतभाऊ आहे.

तुम्हाला हसू येईल, पण सगळं मोबाइलवरच्या एका खेळापायी झालं. पायी फिरायचं, आणि देवळापाशी, तळ्याकाठी, एसटी स्टँडवर फोनमध्ये प्राणी दिसले की पकडायचे. लग्न होऊन किन्हवलीत आल्यावर संध्याकाळी घराबाहेर पडायला मला तेवढंच निमित्त होतं. मी चालून चालून शोधायचे. निलेश — हा माझा धाकटा चुलत दीर — ओट्यावर बसून शोधायचा. खेळणाऱ्यांनीच चालवलेला एक नकाशा होता; कुणाला कुठे काय दिसलं त्याची खूण त्यावर व्हायची. निलेश ती बघायचा, बाइक काढायचा, प्राणी पकडून परत. मला ती चोरी वाटायची. अजूनही वाटते.

"वहिनी, कशाला पाय झिजवता? नकाशा बघा ना," म्हणायचा. तेवढं मी हसण्यावारी नेलं असतं. पण एक दिवस तो सासूबाईंना म्हणाला, "काकी, वहिनी रोज तळ्यावर कोनाला भेटाया जातात, इचारा तरी!" गंमत केली म्हणे. त्याची गंमत झाली आणि माझं फिरणं बंद झालं. तो मात्र तळ्यावरचे माझे प्राणी घेऊन मला दाखवायला यायचा.

मी भांडले? नाही. गोड बोलले, चहा दिला — आणि वाट पाहिली.

त्या नकाशावर एकानं केलेली खूण करडी दिसते. दुसऱ्यानं दुजोरा दिला की हिरवी होते. करड्या खुणेमागे निलेश कधी धावत नसे, भारी हुशार! एका दुपारी मी वैशाखऱ्याच्या पुढे, माळशेजच्या रस्त्यावर, एक खोटी खूण केली. ज्या प्राण्यासाठी तो पावसाळाभर जीव टाकत होता, त्याचीच. मग कुकर लावला. बाहेर पाऊस लागून राहिला होता. घाटाकडचा रस्ता अशा दिवसांत कसा असतो, हे इथे शेंबड्या पोरालाही कळतं. कुकर झाल्यावर मी सासूबाईंचा फोन घेतला आणि दुसऱ्या नावानं दुजोरा दिला. खूण हिरवी झाली.

पहिली खूण रागाच्या भरात झाली, असं म्हणता येईल. पण दुसरी?

तो गेला. वळणावर बाइक घसरली, पाय घोट्यातून मोडला. पोलीस भरतीची मैदानी चाचणी तोंडावर आली होती. वयात बसण्याची त्याची ती शेवटची खेप. मला माहीत नव्हतं? घरात दुसरं बोलणंच नव्हतं! रोज पहाटे तो माझ्या खिडकीखालून धावत जायचा.

प्लास्टर घालून त्याला गाडीतून उतरवलं, तेव्हा माझ्या मनात काय आलं सांगू? — बस आता तूही घरात. बरं वाटलं मला. फार बरं वाटलं. त्या रात्री मी पोटभर जेवले.

आता तो वाशिंदला एका कंपनीच्या गेटवर उभा असतो. "वर्दी तर मिळाली ना, वहिनी," म्हणून स्वतःच हसतो. मला त्याची दया येते, आणि तळ्याचं ते वाक्य आठवलं की येत नाही — हेही खरंच आहे.

नकाशा त्यानं कधीच काढून टाकला. खेळ मात्र सोडला नाही. सुट्टीच्या दिवशी लंगडत ओट्याशी येतो. म्हणतो, "नकाशावर भरोसा नाय राहिला, वहिनी. तुमी सांगाल तिथं जातो."

तळ्याकाठी जा, मी सांगते. तो जातो.