हिरवी ओळ, लाल ओळ

किस्से जमवायला कुठे जावं लागत नाही. आमच्या मुलुंडच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर ते चपलांसारखे दाराशीच साचतात. त्यातले बरेचसे माझ्यामुळे झालेले, हे आता कबूल करते.

सुरुवात समोरच्या सावंत वहिनींच्या प्रज्ञापासून. प्रज्ञा मेंदी काढते, लग्न होऊन अंधेरीला गेली. माहेरी आली की आधी माझ्याकडे चहा. मी एका रेसिपीच्या साइटवर 'नवीन काय आलं' म्हणून दिवसातून दहादा डोकावते, हे तिने पाहिलं आणि माझ्या कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये एक टूल टाकून दिलं. पान बदललं की टिंग वाजतं. नवीन लिहिलेलं हिरवं दिसतं, काढून टाकलेलं लाल.

"काकू, आता डोकवायचं नाही. साइटच तुम्हाला हाक मारेल."

म्हटलं, "म्हणजे दूधवाल्यासारखी!"

*

उत्साहात मी आणखी एक पान लावलं, हवामानाचं. त्याच्या कोपऱ्यात चालू घड्याळ होतं, हे लक्षात आलं नाही. दर मिनिटाला टिंग. आमचे हे तीनदा उठून मायक्रोवेव्ह उघडून आले. चौथ्यांदा म्हणाले, "आत काहीच नाहीये गं, तरी वाजतोय. मेकॅनिकला बोलाव."

मेकॅनिक येऊन गेला, मग मी ते पान हळूच काढून टाकलं.

*

मग सोसायटीची साइट लावली. एका सकाळी हिरवी ओळ आली, गुरुवारी पाणी बंद. मी चारही मजल्यांवर बेल मारली. लोकांनी बादल्या, टोप, कोणी तर प्रेशर कुकरसुद्धा भरून ठेवला. गुरुवारी नळ धो धो वाहत होता.

सेक्रेटरी साइटवर पाणीबंदीची जुनी नोटीस चढवून तिच्यावरच नवीन नोटीस लिहायला बसले होते. पार्किंगच्या रंगकामाची. जिन्यात हात जोडून म्हणाले, "वहिनी, माझा हात तरी कीबोर्डवरून निघू द्यायचा."

*

तोवर प्रज्ञाची मेंदीची साइटही मी लावली होती. कौतुकाने. नुसतं कौतुक नव्हतं, खरं सांगायचं तर. तिने पाच दिवसांची सुट्टी लिहिली की मी लगेच फोनवर विचारायची, गोव्याला की माहेरी? ती हसायची. "काकू, माझ्या नवऱ्याला अजून सांगितलं नाहीये मी."

सावंत वहिनींना मुलीची बातमी आधी माझ्याकडून मिळायची. वहिनी एकट्या असतात, त्यांना बरं वाटायचं. मला जरा जास्तच.

*

दोन महिन्यांपूर्वी टिंग वाजलं. प्रज्ञाच्या नावातलं सासरचं आडनाव लाल. अंधेरीचा पत्ता लाल. घाटकोपरचा पत्ता हिरवा.

दोन मिनिटं थांबले असते तर काय बिघडलं असतं? चपलाही न घालता समोर गेले. वहिनी बोंबील साफ करत होत्या.

"वहिनी, प्रज्ञाने घर सोडलं का हो? आडनाव काढलंय."

त्यांचा हात थांबला. "काय बोलतंस गो?"

त्यांना काहीच माहीत नव्हतं.

दुपारी मायलेकींचं फोनवर कडाक्याचं भांडण झालं. मुलीचं बाहेरच्या बाईकडून कळलं, हे वहिनींना लागलं. तेव्हापासून वहिनी मुलीचा फोन घेत नाहीत. त्यांचं जाळीचं दार लावलेलं असलं तरी आतलं दिवसभर उघडं असायचं, तेही बंद झालं. माझी वाटी परत आली ती रिकामी, आणि वॉचमनच्या हातून.

संध्याकाळी प्रज्ञाने मला फोन केला. रागावली असती तर बरं झालं असतं.

"काकू, रविवारी येऊन आईच्या शेजारी बसून सांगणार होते मी."

फोन ठेवला आणि कॉम्प्युटरपाशी जाऊन बसले.

त्याच दिवशी टूलमधून सगळी पानं काढली. सोसायटीचं, रेसिपीचंही. प्रज्ञाच्या पानावर हात गेला आणि तिथेच थांबला. त्याचीही लाज वाटते.

*

परवा दुपारी दीडला टिंग वाजलं. उघडायचं नाही असं ठरवलं आणि उघडलं.

नवरीच्या मेंदीच्या फोटोंखाली एक हिरवी ओळ होती.

'काकू, आई नीट जेवते का?'

मी चष्मा पुसेपर्यंत पुन्हा टिंग. तीच ओळ लाल.

गॅसवरचं कालवण तसंच टोपासकट उचललं आणि समोरची बेल वाजवली.